मंडी हाउस ते जनपथ: दिल्लीतल्या दोन वाद्यदालनांची वाटचाल

कामानिमित्त दिल्लीला येणारा मराठी माणूस पूर्वी हमखास कोपर्निकस मार्गावरच्या जुन्या महाराष्ट्र सदनात उतरायचा. आजही बरेच जण उतरतात. तिथून मंडी हाउसचा चौक चालत काही मिनिटांवर आहे. चौकाभोवती नाटकांची थिएटरं, दूरदर्शनची इमारत, चहाच्या टपऱ्या आणि त्या टपऱ्यांवर संवाद पाठ करत उभी असलेली तरुण मुलं. त्याच चौकातून फिरोजशाह मार्गाला वळलं की रवींद्र भवन लागतं. साहित्य अकादमीचं पुस्तकांचं दुकान इथे आहे, ललित कला अकादमीची चित्रप्रदर्शनं इथे भरतात, म्हणून या वास्तूत येणाऱ्यांची कमी नाही. तिसरी अकादमी संगीत नाटकाची. तिच्या ताब्यात देशाच्या कानाकोपऱ्यातून जमवलेल्या शेकडो वाद्यांचं एक दालन आहे, हे मात्र अनेक जुन्या दिल्लीकर मराठी मंडळींनाही ठाऊक नसतं. ‘असावरी’ हे त्याचं नाव. सकाळच्या रागाचं नाव घेतलेलं हे दालन १९६४ साली उघडलं, आणि उघडलं कुणी, तर व्हायोलिनवादक यहुदी मेन्युहिन यांनी.

राजधानीत दुसरं वाद्यदालन आहे जनपथावरच्या राष्ट्रीय संग्रहालयात. ते एका सरोदवादक बाईंच्या नावाने ओळखलं जातं. पहिलं सरकारी ठरावातून उभं राहिलं, दुसरं एका कलावंताच्या हौसेतून. दोन्हींची गोष्ट एकत्रच सांगायला हवी, कारण एकाचं उणं दुसऱ्यात दिसतं.

सुरुवात मात्र १९६४ पासून करून चालणार नाही. ती करावी लागते पंडित विष्णु नारायण भातखंड्यांपासून. मुंबईची वकिली बाजूला ठेवून देशभर चिजा गोळा करत हिंडणाऱ्या या माणसाने १९१६ साली सयाजीराव गायकवाडांच्या आश्रयाने बडोद्याला पहिली अखिल भारतीय संगीत परिषद भरवली. दुसरी परिषद भरली १९१८ च्या डिसेंबरात, दिल्लीत. रामपूरच्या नवाबांचा तिला पाठिंबा होता. दिल्लीत संगीताची एक राष्ट्रीय अकादमी असावी, हा विचार या परिषदेत गंभीरपणे मांडला गेला. पैसा उभा राहिला नाही, संस्थानिकांची आश्वासनं हवेत राहिली आणि भातखंड्यांचं महाविद्यालय शेवटी १९२६ मध्ये लखनौला निघालं. दिल्लीची अकादमी व्हायला स्वातंत्र्य यावं लागलं. ३१ मे १९५२ रोजी शिक्षण मंत्रालयाने ठराव केला आणि २८ जानेवारी १९५३ ला राष्ट्रपती राजेंद्र प्रसादांच्या हस्ते संगीत नाटक अकादमीचं उद्घाटन झालं. अध्यक्ष होते मद्रासचे न्यायमूर्ती पी. व्ही. राजमन्नार. भातखंडे १९३६ मध्येच गेले होते. कल्पना मांडणारा मराठी माणूस आणि ती प्रत्यक्षात आणणारं मंत्रालय यांच्यात चौतीस वर्षांचं अंतर पडलं; सरकारी हिशेबात तसं हे फार नव्हे.

या चौतीस वर्षांत वाद्यांच्या दुनियेत पडझड झाली होती. संस्थानं विलीन झाली तशी दरबारी बीनकार, सुरसिंगार वाजवणारे, नौबतखान्यातले शहनाईवाले यांची रोजीरोटी गेली. वाद्यं खुंटीला लागली, मग माळ्यावर गेली, मग जुन्या बाजारात. संगीत टिकवायचं तर गाणाऱ्यांच्या ध्वनिमुद्रणाबरोबर वाद्यंही जपली पाहिजेत, ही जाणीव अकादमीत आली ती या परिस्थितीतून. १९६१ च्या रवींद्र जन्मशताब्दीच्या निमित्ताने वास्तुकार हबीब रहमान यांनी आखलेलं रवींद्र भवन उभं राहिलं, अकादमीला हक्काची जागा मिळाली आणि तीन वर्षांत वाद्यांचं दालन सुरू झालं.

मेन्युहिन यांची निवड आज थोडी नवलाची वाटते. आपल्या वाद्यांचं दालन पाश्चात्त्य वादकाच्या हातून का उघडायचं? पण त्या काळचा संदर्भ लक्षात घ्यायला हवा. नेहरूंच्या निमंत्रणावरून मेन्युहिन १९५२ मध्ये भारतात आले होते, दुष्काळ निवारणासाठी त्यांनी इथे कार्यक्रम केले होते. पुण्याच्या बी. के. एस. अय्यंगारांकडे त्यांनी योगासनं शिकायला सुरुवात केली तीही याच दौऱ्यात, मुंबईत. रविशंकरांची आणि अली अकबर खाँची ओळख पश्चिमेला करून देण्यात त्यांचा मोठा वाटा होता. शिवाय व्हायोलिन हे वाद्य तोवर कर्नाटक संगीताने पुरतं आपलंसं केलेलं होतंच. तेव्हा निवड चुकली असं म्हणता येणार नाही.

दालन म्हटलं की पहिला प्रश्न मांडणीचा. वाद्यं लावायची कशी? प्रांतवार, काळानुसार, की जातीवार? आपल्याकडे उत्तर तयार होतं. भरताच्या नाट्यशास्त्राने वाद्यांचे चार वर्ग केले आहेत: तारांची ती तत, कातड्याने मढवलेली ती अवनद्ध, टाळ-घंटांसारखी ठोस ती घन आणि फुंकीची ती सुषिर. या चौकटीचा जगभरचा प्रवास मोठा गमतीचा आहे. कलकत्त्याचे राजे सौरींद्रमोहन ठाकूर यांनी १८७६ मध्ये बेल्जियमच्या राजाला सुमारे शंभर भारतीय वाद्यं भेट पाठवली. ब्रुसेल्सच्या संगीत महाविद्यालयाच्या वाद्यसंग्रहाची व्यवस्था पाहणारे व्हिक्टर माहियों यांनी आपला संग्रह लावताना हीच चार वर्गांची पद्धत घेतली. पुढे १९१४ मध्ये हॉर्नबोस्टेल आणि झाक्स या अभ्यासकांनी तिच्यावर आपलं वर्गीकरण उभारलं, आणि आज जगातल्या बहुतेक वाद्यसंग्रहालयांत तेच वापरात आहे. म्हणजे युरोपातलं संग्रहालयशास्त्र ज्या पायावर उभं आहे त्याची एक वीट आपल्या घरची आहे. दिल्लीतल्या दालनाने ही गोष्ट मोठ्या अक्षरांत लिहावी, असं मला फार वाटतं.

पण भरताची चौकटसुद्धा आपल्या साध्यासुध्या तुणतुण्यापुढे अडखळते. पोवाड्याच्या झिलकऱ्याच्या हातातलं तुणतुणं एकदा नीट पाहा. लाकडाचं पोकळ नळकांडं, त्याचा तळ कातड्याने मढवलेला, बाजूला ठोकलेली काठी, काठीच्या टोकाला खुंटी. खुंटीपासून निघालेली तार खाली येते आणि कातड्याच्या मधोमध भोकातून आरपार जाऊन अडकवलेली असते. तार छेडली की कातडं थरथरतं. आवाज तारेचा म्हणायचा की कातड्याचा? येल्लम्माच्या जोगत्यांचं चौंडकंही असंच, बंगालच्या बाउलांचं गोपीयंत्रही त्याच कुळातलं. अभ्यासकांनी या वाद्यांना वेगळा कोनाडा दिला, त्यावर निबंध लिहिले. वापरणाऱ्याला मात्र हा प्रश्न कधी पडला नाही. त्याला सूर हवा होता आणि ठेकाही, दोन माणसांचं काम एकात व्हावं म्हणून त्याने एका वाद्यात दोन्ही बसवलं.

अकादमीचं खरं मोठेपण अशा लोकवाद्यांत आहे. दरबारी वाद्यं कुठल्याही राजवाड्याच्या संग्रहालयात पाहायला मिळतात. आदिवासी पाड्यावरचं, देवळातल्या गुरवाचं, भिक्षेकऱ्याच्या झोळीतलं वाद्य कुणी जपत नाही. अकादमीने ते जपायला घेतलं आणि नुसतं जपलं नाही तर नोंदवलं. १९६८ मध्ये के. एस. कोठारी यांचं लोकवाद्यांवरचं पुस्तक अकादमीने प्रसिद्ध केलं. अकादमीतच काम केलेले बी. सी. देव हे मूळचे शास्त्रज्ञ वृत्तीचे. नादाच्या मानसशास्त्रावर काम केलेल्या या माणसाने १९७८ साली भारतीय वाद्यांच्या इतिहासाचा जो ग्रंथ लिहिला, तो आजही कपाटातून काढावा लागतो. मराठी वाचकाने या कपाटात आणखी एक पुस्तक ठेवावं: ग. ह. तारळेकर आणि नलिनी तारळेकर यांचं भारतीय शिल्पांतल्या वाद्यांवरचं, १९७२ मध्ये पुण्याहून निघालेलं. लेण्यांत आणि देवळांत दगडाच्या हातातली वाद्यं त्यांनी शोधून काढली. आणि त्याच्याही आधी, १८९१ मध्ये, कॅप्टन डे नावाच्या लष्करी अधिकाऱ्याने दक्षिण भारत आणि दख्खनच्या वाद्यांवर देखणं पुस्तक काढलं होतं. पुण्याच्या गायन समाजाची त्यात त्याला मदत होती.

आता थोडं पेटीबद्दल. वाद्यांच्या दिल्लीतल्या वाटचालीत पेटीची गोष्ट गाळली तर मराठी वाचक मला माफ करणार नाही. गोविंदराव टेंब्यांपासून पुलंपर्यंत ज्या वाद्यावर आपला जीव, त्याला हद्दपारीची शिक्षा याच शहरात सुनावली गेली.

हार्मोनियम हे आपल्याकडच्या वाद्यांमधलं सगळ्यांत यंत्रासारखं वाद्य. १८४० च्या सुमारास पॅरिसमध्ये अलेक्सांद्र दबेंने त्याचं पेटंट घेतलं. कलकत्त्याच्या द्वारकानाथ घोषांनी पायाचे भाते काढून हाताचा भाता बसवला आणि मांडी घालून बसणाऱ्या गायकाच्या ते कुशीत आलं. आतली रचना पाहण्यासारखी असते. पट्टी दाबली की मागे एक छोटी झडप उचलते, भात्यातली हवा त्या वाटेने धावते आणि पितळी सुराच्या पट्टीखालून जाते. ही पट्टी एका टोकाला घट्ट बसवलेली, दुसऱ्या टोकाला मोकळी. हवेने ती थरथरते, तोच सूर. कारागीर सूर मिळवतो तो कानस फिरवून: टोकाकडून किंचित खरवडलं की सूर चढतो, मुळाशी खरवडलं की उतरतो. एकदा मिळवलेला सूर जागचा हलत नाही. मींड नाही, आंदोलन नाही, दोन पट्ट्यांच्या मधल्या श्रुतीला जागा नाही.

तक्रार होती ती नेमकी हीच. तिच्यावर इलाज काढायचा पहिला मोठा प्रयत्नही आपल्याकडचाच. सांगलीचे कृष्णाजी बल्लाळ देवल यांनी १९१० मध्ये बावीस श्रुतींवर पुस्तक लिहिलं, न्यायाधीश असलेल्या क्लेमेंट्ससाहेबांनी त्यांना साथ दिली आणि विलायतेहून खास श्रुती हार्मोनियम बनवून आणली. अब्दुल करीम खाँसाहेबांनी या प्रयोगांत गळा दिला. बडोद्याच्या १९१६ च्या परिषदेत ती पेटी मांडली गेली आणि भातखंडे पक्ष विरुद्ध देवल-क्लेमेंट्स पक्ष असं चांगलंच वाजलं. श्रुती हार्मोनियम लोकांनी उचलली नाही ती नाहीच. वाजवायला अवघड, किमतीला भारी, आणि साध्या पेटीवर गाणाऱ्यांचं अडत नव्हतं.

आकाशवाणीने मात्र साध्या पेटीवरच घाव घातला. दिल्लीत पाश्चात्त्य संगीताचा विभाग सांभाळणारे जॉन फोल्ड्स यांनी हार्मोनियमच्या विरोधात लिहिलं, नियंत्रक लायोनेल फील्डन यांचं मत तेच, रवींद्रनाथांनी पाठिंब्याचं पत्र लिहिलं आणि १ मार्च १९४० पासून देशभरच्या केंद्रांवर पेटी बंद झाली. ब्रिटिशांनी घातलेली ही बंदी स्वातंत्र्यानंतर उठायला हवी होती. उलट बाळकृष्ण विश्वनाथ केसकर १९५२ ते १९६२ नभोवाणी मंत्री होते त्या काळात ती पक्की झाली. ज्या महाराष्ट्राच्या नाट्यसंगीताने पेटीला राजवैभव दिलं, तिथलाच मंत्री तिला रेडिओच्या दारात उभी करेना. शेवटी १९७० मध्ये आकाशवाणीने या विषयावर चर्चासत्र घेतलं आणि १९७१ पासून बंदी सैल झाली, तीही आधी वरच्या श्रेणीतल्या कलाकारांच्या साथीपुरती. एकतीस वर्षांत सारंगीवाल्यांना थोडे दिवस बरे गेले, एवढं या प्रकरणाचं श्रेय.

वाद्यदालनाला यात शिकण्यासारखं आहे. पेटी ही परकी, तेव्हा ती भारतीय वाद्यांच्या दालनात बसवायची की नाही? माझ्या मते बसवायलाच हवी, आणि उघडून बसवायला हवी. झडपा, भाता, खर्ज-नर-मादी सुरांचे थर, पालीताण्याच्या कारागिरांनी हाताने बनवलेले सूर आणि जर्मन सूर शेजारी शेजारी ठेवून. शाळेतल्या मुलाला बंद पेटी दाखवून काहीच कळत नाही.

तसं पाहिलं तर यंत्राने वाजणाऱ्या वाद्याची या मातीला अजिबात ओळख नव्हती असंही नाही. अकबराच्या दरबारात १५८१ च्या सुमाराला हाजी हबीबुल्ला गोव्याहून एक ऑर्गन घेऊन आला. बदायुनीने त्याचं वर्णन केलं आहे: माणसाच्या उंचीची पेटी, आत बसून वाजवणारा फिरंगी, बघायला जमलेली थक्क गर्दी. फत्तेपूर सिक्रीच्या आवारात गोव्याचा ऑर्गन घुमला तेव्हा तानसेन हयात होता. त्याचं मत कुणी टिपून ठेवलं असतं तर मजा आली असती. दोनशे वर्षांनी टिपू सुलतानाने लाकडी वाघ करवून घेतला. खाली पडलेल्या गोऱ्या शिपायाच्या नरडीशी वाघ, बाजूला फिरवायचा दांडा. दांडा फिरवला की आतल्या भात्यांतून वाघाची गुरगुर आणि शिपायाचा कण्हणारा आवाज निघतो. वाघाच्या कुशीत बटणांचा छोटा ऑर्गनही आहे. १७९९ मध्ये श्रीरंगपट्टण पडलं आणि वाघ लंडनला गेला. आज तो व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयात आहे.

युरोपात अशा स्वयंचलित वाद्यांची स्वतंत्र संग्रहालयं आहेत. नेदरलँड्समधल्या उट्रेख्ट शहरातलं ‘स्पेलक्लोक’ हे त्यांतलं नावाजलेलं. १९५६ मधल्या एका प्रदर्शनातून ते जन्मलं आणि १९८४ पासून एका मध्ययुगीन चर्चमध्ये नांदतं आहे. गाणारी घड्याळं, रस्त्यावरचे प्रचंड ऑर्गन, भोकं पाडलेल्या कागदावर चालणारे पियानो. तिथला वाटाड्या पाहुण्यांना घेऊन हिंडतो आणि एकेक यंत्र चालू करून दाखवतो. संग्रहालयाची स्वतःची दुरुस्तीची कार्यशाळा आहे. अशा यंत्राच्या पितळी नळकांड्यावर खिळे ठोकून गाणं कोरलेलं असतं. नळकांडं फिरलं की खिळे पट्ट्यांना लागतात आणि दोनशे वर्षांपूर्वीची धून जशीच्या तशी वाजते. वाजवणारा मेला, बनवणारा मेला, तरी गाणं यंत्रात शाबूत.

दिल्लीच्या दालनात उभं राहिलं की हा फरक अंगावर येतो. आपल्या बीनमध्ये गाणं कोरलेलं नाही. ते वाजवणाऱ्याच्या बोटांत होतं, त्याच्या गुरूच्या बोटांत होतं. बीन टांगून ठेवली की उरतो दोन भोपळ्यांमधला दांडा. सारंगीच्या तीन तातींवर बोटाचं टोक नव्हे तर नखाच्या मुळाची कातडी टेकवून सूर काढतात, हे काचेबाहेरून कुणाला कळणार? यंत्र जपलं की संगीत जपलं जातं. वाद्य जपून ते होत नाही. म्हणून वाद्यांच्या संग्रहालयाला कपाटापलीकडे बरंच काही करावं लागतं, आणि आपली दोन्ही दालनं मोजायची तर याच मापाने.

आता जनपथाकडे. राष्ट्रीय संग्रहालयाचा जन्म १५ ऑगस्ट १९४९ चा, राष्ट्रपती भवनात. लंडनच्या रॉयल अकॅडमीत १९४७-४८ मध्ये भारतीय कलेचं मोठं प्रदर्शन भरलं, त्यासाठी देशभरातून नेलेल्या वस्तू परत आल्या त्या दिल्लीतच ठेवून घ्याव्यात, असं ठरलं. आजची इमारत १८ डिसेंबर १९६० ला उघडली. तिथे वाद्यांचं दालन यायला आणखी वीस वर्षं लागली, आणि ते आलं ते शरन रानी बाकलीवाल यांच्यामुळे.

शरन रानींचा जन्म दिल्लीतलाच, १९२९ चा. मैहरच्या बाबा अल्लाउद्दीन खाँकडे आणि अली अकबर खाँकडे त्यांनी सरोदची तालीम घेतली. बायकांनी मैफलीत सरोद घेऊन बसावं ही गोष्ट तेव्हा पचनी पडणारी नव्हती. व्यावसायिक मंचावर सरोद गाजवणाऱ्या त्या पहिल्या स्त्री कलावंत मानल्या जातात. कार्यक्रमांसाठी गावोगाव हिंडताना त्या जुनी वाद्यं हेरत, मिळवत, घरी आणत. सरकारी खरेदी समिती नाही, अनुदान नाही. अशी तीनशेहून अधिक वाद्यं त्यांनी राष्ट्रीय संग्रहालयाला देऊन टाकली, आणि १९८० मध्ये इंदिरा गांधींच्या हस्ते त्यांच्या नावाचं दालन उघडलं. पुढेही त्या भर घालत राहिल्या. १९९२ मध्ये त्यांनी सरोदच्या इतिहासावर इंग्रजीत ग्रंथ लिहिला. १९९८ मध्ये टपाल खात्याने त्यांच्या संग्रहातल्या वाद्यांची तिकिटं काढली. २००० मध्ये त्यांना पद्मभूषण मिळालं. ८ एप्रिल २००८ ला, एकोणऐंशीवा वाढदिवस एका दिवसावर असताना त्या गेल्या.

आपल्याला यात पुण्याचे दिनकर केळकर आठवल्याशिवाय राहत नाहीत. ‘अज्ञातवासी’ नावाने कविता लिहिणारा, चष्म्याचं दुकान चालवणारा हा माणूस अडकित्ते, दिवे, दारं आणि वाद्यं गोळा करत आयुष्यभर वणवण हिंडला. पत्नी कमलाबाई बरोबरीने खपल्या आणि लहानपणीच गेलेल्या मुलाच्या, राजाच्या नावाने त्यांनी संग्रहालय उभारून ते सरकारला देऊन टाकलं. शरन रानींचा आणि केळकरांचा संग्रह एका जातीचा: डोळ्यांना आणि मनाला भावलं ते घेतलं. म्हणून त्यात नक्षी आहे, हस्तिदंत आहे, दर्जा आहे. अकादमीच्या संग्रहात गाव, जमात, प्रसंग यांची नोंद आहे. देखणेपणा पाहायचा तर जनपथ, अभ्यास करायचा तर मंडी हाउस.

दोघांनाही छळणारा शत्रू मात्र एकच, दिल्लीची हवा. मे महिन्यात पारा पंचेचाळिसाला टेकतो, जुलैत भिंतींना ओल येते. कोरड्या दिवसांत लाकूड आक्रसतं, सरसाने जोडलेले सांधे सुटतात. पावसाळ्यात कातडं सैल पडतं, ताती ओलावतात. रुद्रवीणेचे पडदे परंपरेने मेणात बसवतात, त्या मेणाला दिल्लीचा उन्हाळा म्हणजे परीक्षाच. तारा ताणलेल्या ठेवाव्यात तर वर्षानुवर्षांच्या ताणाने दांडी वाकते, म्हणून संग्रहालयं त्या ढिल्या करून ठेवतात. रास्तच आहे. पण तारा ढिल्या झाल्या की तंबोऱ्याचा प्राण जातो. हा प्राण म्हणजे जवारी. तंबोऱ्याच्या घोडीचा माथा सपाट दिसतो, पण किंचित उतरता असतो. तार त्याला नुसती टेकत नाही, थरथरताना पुन्हा पुन्हा चाटून जाते. तारेखाली सुताचा धागा सरकवून ही चाट नेमकी कुठे व्हावी ते ठरवतात, आणि मगच त्या एका तारेतून सुरांचा पुंजका उमटतो. वापराने माथ्याला खाच पडते, नाद बंद होतो. मग मिरजेचा कारागीर कानस आणि पॉलिशचा कागद घेऊन बसतो, घासतो, छेडतो, ऐकतो, पुन्हा घासतो. किती घासायचं याचं माप पुस्तकात नाही. काचेमागच्या घोडीवर शेवटचा हात कुणी फिरवला, ती जवारी खुली होती की बंद, याची पाटी मी कुठल्याच संग्रहालयात पाहिलेली नाही.

मिरजेचं नाव घेतलंच आहे तर सांगायला हवं. फरीदसाहेब शिकलगारांनी एकोणिसाव्या शतकात तिथे तंतुवाद्यांचा धंदा सुरू केला. मूळची शस्त्रांना धार लावणारी ही मंडळी. पंढरपूर-मंगळवेढ्याकडच्या रानातले जाड सालीचे भोपळे आणून ते तंबोरे घडवतात. २०२४ मध्ये मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळालं. दिल्लीतल्या वाद्यदालनांनी या घराण्यांतल्या एखाद्याला वर्षाकाठी काही दिवस बोलवावं, त्याच्याकडून वाद्यं तपासून घ्यावीत, आणि ते काम पाहुण्यांसमोर चालावं. पाटीवर वाजवणाऱ्याच्या बरोबरीने घडवणाऱ्याचंही नाव लिहावं. अकादमीजवळ तर याहून मोठं धन आहे: ध्वनिमुद्रणांचा आणि चित्रफितींचा देशातला एक अव्वल संग्रह त्याच संस्थेत आहे. वाद्य आणि त्या वाद्याचा आवाज एकाच संस्थेच्या मालकीचे असताना पाहणाऱ्याला ते एकत्र मिळू नयेत, याला तांत्रिक कारण आता उरलेलं नाही. निवडक वाद्यं, खरी नव्हे तर हुबेहूब घडवलेल्या प्रती, हातात घेऊन वाजवायला ठेवाव्यात. उट्रेख्टला यंत्राचा दांडा फिरवणारा माणूस आहे. आपल्याकडे महिन्यातून एकदा जिवंत बीनकार बसवता येईल.

ही मागणी आत्ता करण्याला कारणही आहे. राष्ट्रीय संग्रहालय नॉर्थ आणि साउथ ब्लॉकमध्ये नेऊन ‘युगे युगीन भारत’ या नावाने भव्य संग्रहालय करायची योजना २०२३ मध्ये जाहीर झाली. मूर्ती हलवणं सोपं नाही, पण वाद्य हलवणं त्याहून नाजूक: भोपळा हलक्या धक्क्याने तडकतो. नव्या जागेत वाद्यं कशी मांडली जातील हे ठरायच्या आत संगीतकारांनी आणि कारागिरांनी आपलं म्हणणं संस्कृती मंत्रालयाला कळवायला हवं. एकदा काचा बसल्या की पुढची पंचवीस वर्षं त्या हलणार नाहीत.

दिल्लीला जाल तेव्हा मंडी हाउसला थोडा वेळ काढा. आठवड्याच्या कामाच्या दिवशी जा, आधी फोन करून दालन उघडं आहे का विचारा. जनपथावरचं संग्रहालय सोमवारी बंद असतं. आणि तुमच्या घरात आजोबांची सतार, देवघरातला जुना वीणा, गोंधळी नातलगाचं संबळ पडून असेल, तर ते भंगारात घालण्यापूर्वी एका कागदावर चार गोष्टी लिहून वाद्याला बांधा: घडवलं कुणी, कुठल्या गावी, वाजवलं कुणी आणि कुठल्या सुरात लावत. संग्रहालयाला वाद्य देणारे पुष्कळ भेटतात. या चार ओळी देणारे फार थोडे.